घड धरतो तो मे महिन्यात

आमच्या बागेत पाहुणे येतात ते जानेवारी-फेब्रुवारीत. मांडवाखाली घड लोंबत असतात, सगळे फोटो काढतात, पिशवी भरून घेतात आणि निघताना "बरं आहे बाई तुमचं, द्राक्षं म्हणजे रोख पैसा" असं काहीतरी बोलून जातात. एप्रिल-मेमध्ये कुणी फिरकत नाही. तेव्हा बघण्यासारखं असतंय तरी काय? तारांवर चढलेली बोडकी खोडं, वर चाळिशीला टेकलेलं ऊन, आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून एकेक काडी खुडत बसलेल्या बायका. पण बाग कधी बघावी असं मला कुणी विचारलं, तर मी मे महिनाच सांगेन. पुढच्या वर्षीचा माल किती येणार हे तेव्हाच ठरतं. नंतरचे आठ-नऊ महिने आपण फक्त तो सांभाळायचा.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. माझं माहेर कराडजवळ, कृष्णाकाठचं. आमच्यात ऊस. लावण झाली, भरणी झाली, खतं दिली, पाणी पाजत राहिलं, की मग कारखान्याच्या तोडीची वाट बघायची. उसाला आळशाचं पीक म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही. (आमच्या आप्पांनी हे वाचलं तर रागावू नये.) लग्न होऊन तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात आले, मणेराजुरी-सावळजच्या पट्ट्यात, तर इथली माणसं सकाळी चहाच्या आधी आभाळ बघतात आणि मग बोलायला लागतात. सासरे, म्हणजे आमचे मामा, तीस-पस्तीस वर्षं बाग करतायत. जुनी बाग तास-ए-गणेशची. ही जात तालुक्यातल्याच बोरगावची, वसंतराव आर्वेंनी थॉमसन या द्राक्षाच्या जातीतून निवडलेली. नवा प्लॉट सोनाक्का या लांब मण्याच्या जातीचा. सगळी मिळून अडीच एकर.

गेल्या वर्षी मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मालक, म्हणजे माझे यजमान, नोकरीवर जाऊन येऊन शेती बघतात, दीर ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर सांभाळतात. मग बायकांची टोळी, हजेरी, औषधांचा हिशोब आणि फवारणीची वही हे सगळं माझ्याकडं आलं. मामा बांधावर खुर्ची टाकून बसणार आणि तिथून सांगणार, असं ठरलं. ते सांगायचे कमी आणि ओरडायचे जास्त, पण ते असू दे.

माल उतरला की वेलीला तीन-चार आठवडे विश्रांती द्यायची. त्या काळात बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचे मातीचे उंचवटे, मोकळे करून शेणखत, सुपर फॉस्फेट घालायचं, वरून उसाचं पाचट अंथरायचं. मग एप्रिलची खरड छाटणी. गेल्या हंगामातली प्रत्येक काडी बुडाशी एक डोळा राखून उडवायची. लग्नानंतर पहिल्यांदा ही छाटणी पाहिली तेव्हा मला वाटलेलं, बाग काढूनच टाकतायत. संध्याकाळी मांडवावर नुसते ओलांडे, म्हणजे खोडाचे आडवे फाटे, राहिले होते आणि खाली काड्यांचे ढीग. छाटणीला आता बिहारकडची पोरं येतात, एकरावर उक्तं घेतात, हात असा चालतो की बघत राहावं. गावातल्या छाटणीवाल्यांची मुलं शिकून पुण्याला गेली, त्यामुळं त्यांच्यावाचून इलाजही नाही.

आठ-पंधरा दिवसांत डोळे फुटतात. मग पहिली विरळणी. एका वेलीला फुटी ढीगभर येतात, त्यातल्या तीस-पस्तीस राखायच्या आणि बाकीच्या काढायच्या. राखायच्या त्या अशा, की प्रत्येक काडीला ऊन मिळालं पाहिजे. हे काम बायकांचं. पुढची सबकेनही बायकांचीच. काडीला नऊएक पानं झाली की सात पानांवर शेंडा खुडायचा. खुडल्याजागी वरच्या डोळ्यातून नवी फूट निघते, तिला पाच पानं येऊ द्यायची आणि पुन्हा शेंडा मारायचा. जिथं पहिल्यांदा खुडलं तिथं काडीला एक गाठ पडते. त्या गाठीजवळचे डोळे सगळ्यात कामाचे. ऑक्टोबरला कात्री लागते ती त्या गाठीच्या हिशोबानंच.

आता शेंडा खुडायचा कशाला? याचं उत्तर मला मामांनी पहिल्या आठवड्यातच दिलं. मी वहीत लिहीत होते, "आज सबकेन, तास-ए-गणेश, पूर्व बाजू." ते म्हणाले, "पोरी, नुसतं सबकेन लिहू नको. कवळी काडी का पिकायला लागली, पान केवढं झालं, आभाळ होतं का ऊन होतं, ते लिही. काडीनं घड आत्ताच पोटात धरलेला असतोय. ऑक्टोबरात तू नुसता तो बाहेर काढतीस. तवा मग काय बी ओत, नाही ते येत नाही."

ते बरोबर होतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. दिसत काहीच नाही, सगळं सूक्ष्म. त्या काळात काडीवर ऊन पडलं पाहिजे, पानांची गर्दी नको, पाणी आणि नत्र हात आखडून. वेल नुसती वाढतच राहिली तर तिला घडाची आठवणच राहत नाही. डोळ्यात घडाच्या जागी बाळी धरते, म्हणजे वेल ज्यानं तारेला वेटोळं घालते तो तंतू. म्हणून शेंडे खुडायचे, वाढ रोखणारं लिहोसीन फवारायचं, पाणी कमी करायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. या भागानं टँकरनं पाणी आणून बागा जगवलेल्या आहेत. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी फिरलं तेव्हा कुठं माणसांच्या जिवात जीव आला. त्यामुळं मे महिन्याच्या उन्हात, पाणी असताना, व्हॉल्व्ह बंद करायचा म्हणजे जुन्या माणसांचा हात धजत नाही. मामा स्वतः मला पाणी तोडायला सांगायचे आणि संध्याकाळी मालकांना हळूच विचारायचे, "थोडं सोडायचं का रं?"

आणि मग २०२५ चा मे महिना. ज्यांच्या बागा आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. ऐन घडनिर्मितीत पाऊस सुरू झाला. वळीव येतो, तास-दोन तास झोडपतो आणि जातो, त्याची सवय आहे. हा तसा नव्हता. दिवसचे दिवस आभाळ, रिपरिप, आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. ठिबक बंद असून बोदात चिखल. आता पाणी तोडणार कुठलं? फुटी अशा सुटल्या की आज खुडलेला शेंडा चार दिवसांनी पुन्हा वर. टोळीतल्या मावशी, आमच्या मुकादम, म्हणाल्या, "ताई, ही बाग न्हाई, हे गवात झालंय." आम्ही बगलफुटी काढत होतो, पानं विरळ करत होतो, काडीवर उजेड पडावा म्हणून धडपडत होतो, पण वर सूर्यच नाही तर उजेड आणायचा कुठून? त्या महिन्याची माझी वही बघितली तर "आभाळ" हा एकच शब्द पानभर आहे.

टोळीबद्दल थोडं सांगते, कारण बागाईतदारांच्या मेळाव्यात बोलणारे सगळे पुरुष असतात आणि चर्चा औषधांची होते. मे महिन्यातली बाग या बायकांच्या बोटांवर असते. कुठली फूट ठेवायची आणि कुठली काढायची हा निर्णय दिवसातून हजार वेळा त्या घेतात, आणि तो मालकाला विचारून घेत नाहीत. चांगल्या टोळीची बाई ओलांड्याच्या खालच्या अंगाची, उन्हाला न येणारी फूट बघताक्षणी मोडते. नवखी असेल तर जाडजूड दिसली म्हणून तीच ठेवते. सकाळी सातला टेम्पोनं येतात, दुपारी मांडवाखाली डबा सोडतात, भाकरी आणि खर्डा, आणि एकमेकींच्या सुनांची मापं काढतात. पूर्वी त्यांना हजेरी मिळायची ती छाटणीवाल्या पुरुषांच्या निम्म्यावर. आता फरक कमी झालाय, पण गेलेला नाही. मी वही हातात घेतल्यावर विरळणी आणि सबकेनच्या कामाला हजेरी वाढवली. घरात थोडी कुरकुर झाली. मामा मात्र म्हणाले, "दे. औषधवाल्याला देतोच की."

जुलै, ऑगस्ट बोलण्यासारखे नाहीत. पाऊस, करपा, भुरी, बोर्डोची फवारणी, पुन्हा पाऊस. या दिवसांत बागेचं एकच काम असतं, काडी पिकवायची. हिरवी काडी तपकिरी व्हायला लागते, तळापासून वर. मामांचं माप ठरलेलं आहे: तासगावच्या रथापर्यंत काडी पिकली पाहिजे. ऋषिपंचमीला तासगावात उजव्या सोंडेच्या गणपतीचा रथ निघतो. पटवर्धनांच्या काळापासूनची चाल आहे. दोर ओढायला आणि पेढे-खोबरं उधळायला सगळा तालुका लोटतो. रथाला गेलेला प्रत्येक बागाईतदार दर्शन झाल्यावर दुसऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो काडीचाच. गेल्या वर्षी उत्तर सगळ्यांचं एकच होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर काड्या तपासणीला दिल्या. हा भाग मला फार आवडला. प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून पिकलेल्या काड्या कापून, जुडी बांधून, वर चिठ्ठी लावून प्रयोगशाळेत न्यायच्या. तिथं एकेक डोळा ब्लेडनं उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मलाही बघू दिलं. बाहेरून ज्वारीच्या दाण्याएवढा दिसणारा डोळा, आत पानांच्या घड्या, आणि त्यांच्या कुशीत एक दाणेदार पांढरट गोळा. तो घड. दुसऱ्या काडीच्या डोळ्यात त्याच जागी नुसती एक बारीक, गुळगुळीत सुतासारखी रेघ. ती बाळी. अहवालात प्रत्येक डोळ्यापुढं खूण असते: पहिला, दुसरा, तिसरा, असं वरपर्यंत. आमच्या जुन्या बागेत गाठीजवळ थोडेफार घड दाखवत होते. सोनाक्कात मात्र खालचे डोळे जवळजवळ रिकामे, जे काही होतं ते वरच्या डोळ्यांत. मग ठरलं: सोनाक्काची काडी लांब राखायची, गाठीच्या पुढं दोन-तीन डोळे जास्त. जुनी बाग नेहमीसारखी. तपासणी न करता सरसकट एकाच मापानं कात्री चालवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. काड्या आपल्याच, चार पैशांची तपासणी, आणि निर्णय वर्षाचा.

ऑक्टोबर छाटणीला पावसानं पुन्हा खोळंबा केला. छाटणी एकदा झाली की मागं फिरता येत नाही. पुढं पोंगा, दोडा, फुलोरा या ठरलेल्या पायऱ्या येतातच, आणि कुठल्या पायरीला पाऊस गाठणार ते आपल्या हातात नाही. लवकर छाटणी केली तर पावसात सापडते, उशिरा केली तर बेदाण्याच्या वेळी ऊन आणि वळीव दोन्ही डोक्यावर. आम्ही जुनी बाग आधी आणि सोनाक्का पंधरवड्यानं, असे दोन हिस्से केले. दोन्ही एकदम बुडणार नाहीत, एवढाच त्यातला हिशोब.

छाटणीनंतर लगेच पेस्ट. म्हणजे हायड्रोजन सायनामाईड, डोळे सगळे एकसारखे फुटावेत म्हणून. त्यात लाल रंग मिसळतात, कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते कळावं म्हणून. बायका हातमोजे घालून स्पंजच्या तुकड्यानं एकेक डोळा पुसत जातात. हे औषध विषारी आहे, कातडीला लागलं तर भाजल्यासारखं होतं, आणि दारू पिणाऱ्याला तर ते फारच बाधतं. आधी किंवा नंतर घेतली तरी माणूस लालेलाल होतो, छाती धडधडते, चक्कर येते. त्यामुळं पेस्टचं पाणी कालवायला आणि बादल्या पोचवायला कोण, हे मी नीट विचारूनच ठरवलं. एकाला त्या दिवशी घरी पाठवलं. तो रुसला, मावशींनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फूट आली आणि मे महिना डोळ्यांपुढं उभा राहिला. जिथं काडीला दोन घड दिसायचे तिथं एक, कुठं तोही नाही. काही घड बाहेर आले ते बोटाच्या पेरभर, गोळी घड. चार दिवसांत त्यांची शेंडी वळायला लागली आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी बाळी लोंबत होती. घड जिरणं म्हणतात ते हेच. सोनाक्कात वरचे डोळे राखले होते तिथं घड मिळाले. नसते राखले तर तो प्लॉट नुसता पानांचा झाला असता. शेजारच्या एका बागेत घडच नव्हते म्हणून मालकानं कुऱ्हाड लावली. सकाळी बाग होती, संध्याकाळी रान मोकळं. त्या घरी त्या दिवशी आत्या, म्हणजे सासूबाई, भाकरी घेऊन गेल्या. आमच्यात सुतक असलं की नेतात तशी.

नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे डाऊनी या रोगाचे महिने. धुकं पडलं, दव पडलं की पानाच्या मागं पांढरी बुरशी, आणि ती घडावर उतरली की संपलं. १ आणि २ डिसेंबर २०२१ च्या पावसानं जिल्ह्यातल्या कितीतरी फुलोऱ्यातल्या बागा अशाच गेल्या. त्यामुळं आता रात्री बाहेर टपटपलं की गावात एकामागून एक ब्लोअर सुरू होतात. दीर पहाटे तीनला ट्रॅक्टर काढायचे, मी टाकीत औषध मोजून ओतायची, वहीत लिहायची. औषधाच्या दुकानाची उधारी या दोन महिन्यांत जितकी वाढते तितकी बाकी वर्षभरात मिळून वाढत नाही. जीए या संजीवकात घड बुडवणं, मणी विरळणी, ही कामंही याच दिवसांतली. पण आम्ही माल बेदाण्याला करतो, त्यामुळं निर्यातवाल्यांसारखं घडात मणी मोजत बसावं लागत नाही.

बेदाणाच का, हे लोक विचारतात. खायची द्राक्षं विकली तर पैसा लवकर येतो. येतो तेव्हा येतो. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी आला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे जागेवर मोजले, आत्यांच्या पाया पडला, आणि शेवटच्या गाड्या भरून गेला तो गेलाच. फोन बंद, भाड्याची खोली रिकामी. जिल्ह्यात दर हंगामाला कुणाला ना कुणाला असा भेटतोच. तेव्हापासून मामांनी धरलं की आपला माल आपल्या नावानं शीतगृहात राहिला पाहिजे. खायचं द्राक्ष पिकल्यावर थांबत नाही, व्यापारी म्हणेल त्या दराला द्यावं लागतं. बेदाणा थांबतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बाजारही इथंच आहे, मग दारातलं सोडून परक्याच्या मागं कशाला लागा?

बेदाण्याला गोडी लागते, बावीस ब्रिक्सच्या वर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). त्याखाली तोडला तर वजन भरत नाही आणि रंगही येत नाही. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, गोडी कमी असेल तर पाच किलोही लागतात. आमच्या गावाकडं दमटपणा असतो म्हणून शेड आम्ही नागजच्या पुढं, जुनोनीच्या बाजूला भाड्यानं घेतो. तिकडचं माळरान कोरडं, वारा दिवसभर वाहता. मार्चमध्ये त्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीच्या शेडच शेड दिसतील.

शेडवरचं काम मला सगळ्यात जास्त कळलं असं वाटतं, कारण ते स्वयंपाकासारखं आहे. प्रमाण चुकलं की परत सुधारता येत नाही. शंभर लिटर पाण्यात सुमारे अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग ऑइल थोडं थोडं घालत ढवळायचं. पाणी दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तवंग दिसला तर ते जमलं नाही. क्रेटमधली द्राक्षं दोन ते चार मिनिटं बुडवून काढायची. मण्यावरचा मेणाचा थर त्यानं सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. तसंच वाळत घातलं तर द्राक्षाला महिना-दीड महिना लागेल आणि ते काळं पडेल; बुडवून घातलं की पंधरा-वीस दिवसांत बेदाणा. मग रॅकवर पसरायचं. जाळीचे दहाएक मजले एकावर एक, प्रत्येकावर एकच थर. घडावर घड पडला की मधला माल कुबट होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच द्रावण, पण पातळ करून, रॅकवर फवारतात. पिवळा माल करायचा असेल तर गंधकाची धुरी द्यायची. आम्ही थोडा पिवळा करतो, बाकी हिरवा.

पहिल्या दोन दिवसांत काही फरक दिसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मणी सुरकुततो, आणि शेडमध्ये एक गोड, किंचित आंबूस वास भरतो. तो कपड्यांना असा चिकटतो की घरी गेल्यावर मुलगी लांबूनच ओळखायची. आभाळ आलं की पडदे सोडायचे, गेलं की वर करायचे. शेडवर झोपलेल्या गड्याला रात्री तीन-तीन वेळा फोन जायचा आणि तो प्रत्येक वेळी "वैनी, चांदणं हाय" एवढंच म्हणायचा. वाळल्यावर रॅक हलवून माल खाली ताडपत्रीवर पाडतात, यंत्रातून देठ-काड्या काढतात, धुऊन पुन्हा वाळवतात आणि मग निवडायला बायका बसतात. हिरवा एकीकडं, पिवळसर एकीकडं, काळा आणि फुटका बाजूला. पंधरा किलोचा बॉक्स. गेल्या वर्षीपेक्षा बॉक्स बरेच कमी भरले, हे निवडायला बसायच्या आधीच माहीत होतं. पण घड कमी असल्यामुळं वेलीवर ओझं नव्हतं, गोडी चांगली उतरली होती, आणि लांब सोनाक्का अगदी बघण्यासारखा झाला होता.

सगळा माल लगेच काढायचा नाही असं मामांचं मत. पण सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, आणि औषधाच्या दुकानदाराचे फोन सुरू झाले होते. म्हणून काळा आणि मध्यम माल तासगावच्या सौद्यात काढला. मी स्वतः गेले. दुकानात नमुन्याच्या थाळ्या मांडलेल्या, व्यापारी मूठभर उचलतात, तळहातावर पसरतात, दाबतात, दोन तोंडात टाकतात आणि बाकी परत. परत म्हणजे थाळीतच असं नाही. बराचसा खालीच पडतो. पायाखाली बेदाण्याचा चिकट थर झालेला मी पाहिलाय. ही उधळण बंद करा म्हणून शेतकऱ्यांनी किती वेळा आवाज उठवला, ठराव झाले, पाट्या लागल्या, आणि काही दिवसांनी मुठी पुन्हा सैल. त्या एकेका दाण्यामागं मे महिन्यात कुणीतरी शेंडा खुडलेला असतो. मी एका व्यापाऱ्याला म्हटलं, "भाऊ, चाखा की, पण टाकू नका." तो हसला. पण पुढच्या थाळीतून त्यानं दोनच उचलले.

पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात आली ती मी घरी येऊन तीनदा वाचली. हमाली, तोलाई, तूट, बॉक्सचे पैसे. पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, लवकर हवे असतील तर कापून घ्यावे लागतात. दिवाळीच्या आधी व्यापारी-अडत्यांचे आपापसांतले हिशोब शून्यावर आणायचे म्हणून सौदे महिनाभर बंद राहतात, झिरो पेमेंट म्हणतात त्याला. तेव्हा कुठं जुनी येणी निघतात. आलेल्यातून सोसायटी भागली, दुकानदाराचे निम्मे दिले, टोळीची राहिलेली हजेरी सगळ्यात आधी.

चांगला सोनाक्का अजून शीतगृहात आहे. तो गणपतीच्या आधी काढायचा की दिवाळीच्या बाजाराला, यावर घरात एकमत नाही. मामा म्हणतात दिवाळी, मालक म्हणतात भाव बघू. माझं म्हणणं गणपतीच्या आधी निम्मा तरी काढा. भाडं महिन्यागणिक चढतंय, आणि जुन्या बागेतल्या मेलेल्या वेलींच्या जागी डॉगरिज जातीचे, कलमाला मूळ म्हणून वापरायचे खुंट लावून ठेवलेत, त्यांच्यावर कलम करायला माणूस सांगून ठेवलाय, तो काही दिवाळीपर्यंत थांबणार नाही.